किण्वबाधा आणि आहार

पाव फुगविणारा, ताडीला फेस आणणारा आणि तान्ह्या मुलाच्या जिभेवर पांढरा थर धरविणारा, हे तिन्ही जीव एकाच मोठ्या कुळातील आहेत. शास्त्रात त्यांना किण्व म्हणतात. यीस्ट हा इंग्रजी शब्दही आता व्यवहारात पुरेसा रुळला आहे. हे जीव वनस्पती नव्हेत आणि प्राणीही नव्हेत. भूछत्रे व बुरशी यांच्याबरोबर त्यांची गणना कवक या स्वतंत्र वर्गात केली जाते. बहुतेक किण्वे मनुष्याच्या उपयोगाची, निदान निरुपद्रवी आहेत. जी थोडी उपद्रवी आहेत त्यांत कँडिडा अल्बिकन्स या जातीचा क्रमांक पहिला लागतो, आणि ज्याला सामान्यतः यीस्टचा संसर्ग म्हणतात तो बहुधा हिचाच प्रताप असतो.

या विकारावर काय खावे व काय सोडावे, याविषयी सल्ल्यांची उणीव नाही. दही भरपूर खावे, साखर वर्ज्य करावी, लसूण चावून खावी, खोबरेल पोटात घ्यावे, पाव व इडली यांना हात लावू नये, असे नाना प्रकारचे उपाय सुचविले जातात. यांपैकी काहींना प्रयोगाचा थोडाबहुत आधार आहे, काहींना मुळीच नाही. आणि साखरेच्या बाबतीत सल्ला निष्फळ नसला तरी त्याचे खरे कारण सल्ला देणाऱ्यांच्या समजुतीहून अगदी निराळे आहे. हे सर्व तपासण्यापूर्वी हा जीव शरीरात राहतो कसा, हे पाहणे आवश्यक आहे.

शरीरातील बिऱ्हाडकरू

कँडिडा हा बाहेरून चाल करून येणारा शत्रू नव्हे. पुष्कळशा निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यात, तसेच अनेक स्त्रियांच्या योनिमार्गात तो अल्प प्रमाणात नेहमीच वस्ती करून असतो. जुन्या वाड्यातील एखाद्या बिऱ्हाडकरूप्रमाणे तो गुपचूप राहतो. शेजारचे कोट्यवधी जंतू त्याला हातपाय पसरू देत नाहीत आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्याच्यावर नजर ठेवून असते. या दोहोंपैकी कोणाचीही पकड ढिली पडली की त्याची वाढ होऊ लागते. वाढताना तो रूपही पालटतो. एरवी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढ्या अंडाकृती पेशींच्या रूपात असणारा हा जीव लांब तंतू सोडतो, आणि हे तंतू श्लेष्मल त्वचेत शिरतात. तंतूंमधून एक विषारी द्रव्य बाहेर पडते व ते शरीरातील पेशींच्या आवरणाला भोके पाडते, असे २०१६ मध्ये दाखवून देण्यात आले. त्या द्रव्यास कँडिडालायसिन असे नाव आहे. रोग्याला होणारी आग व येणारी लाली यांचे बरेचसे मूळ या द्रव्यात आणि त्याविरुद्ध शरीराने केलेल्या प्रतिकारात असते.

पकड ढिली पडण्याची कारणे सर्वपरिचित आहेत. दुसऱ्या एखाद्या रोगासाठी घेतलेली प्रतिजैविक औषधे रोगजंतूंबरोबर शेजारच्या उपकारक जंतूंचाही संहार करतात. या औषधांचा किण्वावर मात्र काहीच परिणाम होत नाही, आणि त्याला मोकळे रान मिळते. गर्भारपणात शरीरातील अंतःस्रावांचे प्रमाण बदलते, त्यामुळेही किण्वाला अनुकूल स्थिती निर्माण होते. मधुमेह, स्टेरॉइड जातीच्या औषधांचे दीर्घ सेवन आणि एचआयव्हीसारखे प्रतिकारशक्ती खच्ची करणारे विकार ही आणखी काही कारणे होत.

या जीवाचा इतिहास जुना आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या परंपरेतील ग्रंथांत तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचा उल्लेख आढळतो. १८३९ मध्ये जर्मन वैद्य लांगेनबेक याने एका रोग्याच्या अन्ननलिकेतील चट्ट्यांत कवक पाहिले. कँडिडा हे नाव १९२३ मध्ये ख्रिस्टिन बर्खाउट या डच विदुषीने आपल्या प्रबंधात सुचविले. लॅटिन भाषेत कँडिडा म्हणजे शुभ्र आणि अल्बिकन्स म्हणजे पांढरे होणारे; तेव्हा नाव ठेवणाऱ्यांनी पांढऱ्यावर पुन्हा पांढरा हात फिरविला असेच म्हटले पाहिजे.

स्त्रियांना होणाऱ्या बाधेत तीव्र खाज, लघवीच्या वेळी आग आणि फाटलेल्या दुधाच्या गुठळ्यांसारखा घट्ट पांढरा स्राव ही लक्षणे आढळतात. दुर्गंध सहसा नसतो. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो आणि ४० ते ४५ टक्के स्त्रियांना दोन वा अधिक वेळा होतो, असा अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. वर्षातून अनेकदा उलटणारा प्रकार त्या मानाने विरळ आहे. तरीही दरवर्षी जगातील सुमारे १३ कोटी ८० लाख स्त्रियांना तो भोगावा लागतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेत म्हटले आहे.

आपल्या देशात हा विकार ‘अंगावरून पांढरे जाणे’ या व्यापक नावाखाली झाकला जातो. या नावात निरोगी स्त्रीला होणारा स्वाभाविक स्राव, किण्वबाधा, इतर जंतूंची बाधा आणि क्वचित गर्भाशयाच्या गंभीर रोगाची पूर्वसूचना, हे सारे एकत्र येते. लोकसमजुतीप्रमाणे त्याचे कारण अंगातील उष्णता आणि त्याचा परिणाम म्हणजे अशक्तपणा. कारण उष्णता ठरल्यावर उपाय थंड पदार्थांतच शोधला जाणार हे ओघानेच आले. ताक, सब्जा, तांदळाचे धुवण, जिऱ्याचे पाणी या गोष्टी म्हणूनच सुचविल्या जातात. त्यांना आणखीही एक सोय आहे, ती अशी की स्वयंपाकघरातील उपायासाठी कोणापाशी काही बोलावे लागत नाही. नव्या सुनेने सासूला, किंवा तरुण मुलीने आईलासुद्धा ही गोष्ट सांगणे अनेक घरांत अवघड असते. ताकाची वाटी कोणाच्या नजरेत भरत नाही. आहाराविषयीच्या प्रश्नाला जे गांभीर्य आहे ते या मौनामुळे. उपाय निरुपद्रवी असला, तरी त्याच्या भरवशावर गेलेले महिने निरुपद्रवी असतीलच असे नाही.

दह्याविषयी

या विकारावरील सर्व खाद्यपदार्थांत दह्याची कीर्ती मोठी आहे, आणि तिच्या मुळाशी दोन शास्त्रीय शोध आहेत. १८९२ मध्ये आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने असे दाखविले की निरोगी स्त्रीच्या योनिमार्गात दुग्धाम्ल तयार करणारे दंडाकार जंतू असतात. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय त्यांच्या आहारातील आंबट दुधाला दिले. मेचनिकॉफला १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रतिकारशक्तीविषयीच्या संशोधनाबद्दल, दह्याबद्दल नव्हे; परंतु लोकांच्या मनात त्याचे नाव दह्याशीच जोडले गेले. दह्यात दुग्धाम्लाचे जंतू असतात आणि निरोगी योनिमार्गातही दुग्धाम्लाचे जंतू असतात. मग दही खाल्ल्याने तेथील उणीव भरून निघेल, हा तर्क सहज सुचण्याजोगा होता.

या तर्कातील पहिली अडचण जंतूंच्या जातीची आहे. घरच्या विरजणात लॅक्टोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलसच्या काही जाती असतात. योनिमार्गातील प्रमुख जाती क्रिस्पॅटस, गॅसेराय, जेन्सेनाय या होत. यांतील काहींचे आडनाव लॅक्टोबॅसिलस हेच आहे, पण आडनाव एक असल्याने घर एक होत नाही. दुधात सुखाने वाढणाऱ्या जंतूंना मानवी शरीरात कायमचे ठाण मांडणे सहसा साधत नाही. शिवाय जठरातील आम्ल व पित्तरस यांतून त्यांपैकी थोडेच जिवंत सुटतात.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. दह्याच्या आंबटपणामुळे किण्व मरते, असे पुष्कळांना वाटते. आम्लता मोजण्यासाठी रसायनशास्त्रात ‘सामू’ हा अंक वापरतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि आम्लता जितकी अधिक तितका हा अंक लहान होतो. निरोगी योनिमार्गाचा सामू ४ ते ४.५ च्या आसपास असतो. किण्वबाधा झालेल्या स्त्रीतही तो बहुधा तेवढाच राहतो. याचा अर्थ असा की आम्लता शाबूत असतानाच किण्व फोफावते. ते आम्लास चांगलेच सरावलेले आहे. उलट, सामू वाढलेला आढळला तर वैद्य किण्वाऐवजी अन्य जंतूंच्या बाधेचा संशय घेतात. दुग्धाम्लाचे जंतू किण्वाला आवर घालतात हे खरे, पण ते केवळ आंबटपणाच्या बळावर नव्हे. जागा अडविणे, अन्नाची वाटणी करून घेणे आणि किण्वाला श्लेष्मल त्वचेला चिकटू न देणे, असे त्यांचे अनेक मार्ग आहेत.

तर्क बाजूला ठेवून प्रत्यक्ष परीक्षा काय सांगते? १९९२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वारंवार बाधा होणाऱ्या स्त्रियांना सहा महिने रोज सुमारे पाव किलो दही देण्यात आले व सहा महिने दह्यावाचून ठेवण्यात आले. या दह्यात लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस हा जंतू मुद्दाम घातलेला होता. दह्यावाचूनच्या सहा महिन्यांत बाधेची सरासरी २.५४ आणि दह्याच्या सहा महिन्यांत ०.३८ भरली. हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता आणि वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. परंतु ३३ स्त्रियांपैकी केवळ १३ जणींनी प्रयोग शेवटास नेला होता. प्रथम दही मिळालेल्या आठ जणींनी तर पुढे ते सोडण्यासच नकार दिला. शिवाय आपण दही खात आहोत की नाही हे प्रत्येकीला ठाऊक होते. अशा प्रयोगातून आशा बाळगता येते, पण निष्कर्ष काढता येत नाही.

२००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रयोग प्रसिद्ध झाला तो अधिक काटेकोर होता. प्रतिजैविक औषधे घेणाऱ्या स्त्रियांना दुग्धाम्ल-जंतूंची पूड वा गोळ्या किंवा तशाच दिसणाऱ्या पण जंतूविरहित वस्तू देण्यात आल्या. कोणाला काय मिळाले हे ना त्यांना ठाऊक होते, ना वैद्यांना. ज्या २३५ स्त्रियांची संपूर्ण माहिती हाती आली त्यांपैकी ५५ जणींना बाधा झाली, आणि जंतू घेणाऱ्या व न घेणाऱ्या यांत लाभदायक असा फरक आढळला नाही. प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. पुढे २०१७ मध्ये दहा प्रयोगांतील १,६५६ स्त्रियांच्या माहितीचा एकत्र आढावा घेण्यात आला. कवकनाशक औषधाच्या जोडीला असे जंतू दिल्यास तात्पुरता गुण येण्याचे प्रमाण काहीसे वाढत असावे, असे त्यात म्हटले आहे. परंतु त्यामागील पुरावा दुबळा असल्याची नोंदही तेथेच आहे. हे प्रयोग बहुतांशी निवडक जंतूंच्या औषधी मात्रांचे होते, जेवणातील दह्याचे नव्हते, हेही विसरता कामा नये.

तात्पर्याने दही हे औषध नव्हे, पण ते टाकण्याचेही कारण नाही. प्रथिने व चुना देणारे ते उत्तम अन्न आहे, आणि औषधोपचार चालू असता रोज वाटीभर ताजे, बिनसाखरेचे दही किंवा ताक घेण्यास निरोगी प्रकृतीच्या माणसाला काहीच हरकत नाही. कढी उकळली की तिच्यातील जंतू मरतात. इडली-ढोकळ्याच्या पिठातील जंतूंचेही वाफेवर तेच होते. बंगालचा मिष्टी दोई, साखर घातलेली लस्सी व बाजारातील फळांच्या स्वादाची दही यांत साखर बरीच असते. ओडिशातील पखाळ, उत्तरेकडील गाजराची कांजी, सिक्कीममधील गुंद्रुक अशा आंबविलेल्या पदार्थांतही दुग्धाम्लाचे जंतूच काम करतात. तथापि त्यांचा किण्वबाधेवर उपयोग होतो असे कोणी सिद्ध केलेले नाही. एक सावधगिरी मात्र येथेच सांगितली पाहिजे. दही, मध किंवा लसणाची पाकळी योनिमार्गात ठेवण्याचा उपाय काही ठिकाणी सुचविला जातो, तो कोणीही करू नये. लसणाने नाजूक त्वचा भाजते, आणि खाण्याच्या वस्तूंबरोबर भलतेच जंतू आत जातात. आतून पाण्याने धुण्याची सवयही अशीच अहितकारक आहे.

साखर जिभेवरची आणि रक्तातील

किण्वाला साखर प्रिय आहे हे हलवायापासून ताडीवाल्यापर्यंत सर्वांस ठाऊक असते. तेव्हा गोड खाल्ल्याने शरीरातील किण्व माजते, हा समज स्वाभाविक आहे. उंदरांना द्राक्षशर्करा पाजली असता त्यांच्या आतड्यातील कँडिडाची वाढ झाल्याचे आढळलेही आहे. पण १९९९ मध्ये जर्मनीत २८ निरोगी माणसांना मुद्दाम शर्करायुक्त आहार देऊन पाहण्यात आले, तेव्हा त्यांच्या तोंडातील व विष्ठेतील कँडिडाच्या संख्येवर किरकोळच परिणाम दिसला. कारण उघड आहे. निरोगी माणसाने खाल्लेली साखर लहान आतड्यातच शोषली जाते आणि इन्शुलिनच्या साहाय्याने रक्तातील तिचे प्रमाण ठराविक मर्यादेत ठेवले जाते. योनिमार्गातील किण्वापर्यंत जिलबीचा पाक पोहोचत नाही.

मधुमेहात मात्र हा बांध फुटतो. रक्तातील शर्करा वाढते, लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि त्वचेच्या ओलसर भागात किण्वाला आयते खाद्य मिळते. त्यातच वाढलेल्या शर्करेमुळे शरीरातील रक्षक पेशींची कार्यक्षमताही घटते. या संबंधाचा एक चांगला पुरावा औषधांच्या बाजूने मिळाला आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहावरील औषधे रक्तातील साखर मुद्दाम लघवीवाटे काढून टाकतात. ती घेणाऱ्यांत, पुरुष असोत वा स्त्रिया, जननेंद्रियाच्या किण्वबाधेचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. (असा त्रास झाल्यास औषध आपल्या मनाने सोडू नये, वैद्याला सांगावे, हृदय व मूत्रपिंड यांना त्या औषधांचा मोठा आधार असतो.)

भारतात या गोष्टीचे महत्त्व फार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आपल्याला तो जडला आहे याची पुष्कळांना कल्पनाही नसते. वारंवार उलटणारी किण्वबाधा हे कित्येकदा त्याचे पहिले दृश्य चिन्ह ठरते. अशा स्त्रीने साखर सोडून दही खाण्याचा नेम धरला, तर तिला थोडे बरे वाटेलही. पण रक्ताची तपासणी लांबणीवर पडली तर तोवर डोळे व मूत्रपिंडे यांची हानी आतल्या आत चालू राहील. मधुमेह असल्याचे ठरल्यावर मात्र आहार हाच उपचाराचा मोठा भाग होतो. पॉलिश केलेल्या तांदळाचे प्रमाण आवरणे, ज्वारी-बाजरी-नाचणी, कडधान्ये व पालेभाज्या यांना ताटात अधिक जागा देणे, गोड पेये बंद करणे, यामुळे रक्तशर्करा उतरते आणि तिच्याबरोबर किण्वाचा जोरही ओसरतो. किण्वबाधेवर आहाराचा परिणाम होतो असे ज्या ठिकाणी निःशंकपणे म्हणता येते ते ठिकाण हेच.

लसूण, खोबरेल, पाव

लसणीचा रस काचपात्रात किण्वाची वाढ थांबवितो हे खरे आहे. पण २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६३ स्त्रियांना चौदा दिवस लसणीच्या किंवा दिखाऊ गोळ्या दिल्या असता दोन्ही गटांतील कँडिडाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. काचपात्र आणि शरीर यांतील अंतर हळदीच्या बाबतीतही आड येते. तिच्यातील पिवळे द्रव्य पोटातून रक्तात फारच थोडे उतरते.

खोबरेलाची हकीकत किंचित आशादायक आहे. त्याच्यात जवळजवळ निम्मे असणारे लॉरिक आम्ल, तसेच अल्प प्रमाणातील कॅप्रिक आम्ल, कँडिडाला मारक ठरते. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खोबरेलयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या आतड्यातील कँडिडा, गाईच्या चरबीवर ठेवलेल्या उंदरांच्या तुलनेने, नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. पण ही गोष्ट उंदरांची आहे व आतड्याची आहे. केरळ व कोकण या भागांत रोजचा स्वयंपाक नारळावर चालतो म्हणून तेथील स्त्रिया या विकारापासून मुक्त असल्याचे कोणी दाखविलेले नाही.

राहता राहिला पाव. पावातील किण्व ही सॅकरोमायसीस नावाची वेगळी जाती असून भट्टीत ती मरून जाते. तिच्यामुळे कँडिडा वाढत नाही. म्हणून पाव, इडली, डोसा वा जिलबीचे आंबवण यांना भिण्याचे कारण नाही. ही भीती मुख्यतः अमेरिकेतून आली. थकवा, डोकेदुखी, उदासीनता अशा असंख्य तक्रारींचे मूळ शरीरातील किण्वात आहे, असा सिद्धांत तेथे १९८० च्या सुमारास पुढे आला आणि किण्वरहित आहाराची पुस्तके लाखांनी खपली. १९९० मध्ये ४२ स्त्रियांवर या सिद्धांताची परीक्षा झाली. कवकनाशक औषधाने योनिमार्गाचा त्रास कमी झाला, पण थकवा व उदासीनता यांवर ते दिखाऊ औषधाहून सरस ठरले नाही. सिद्धांत त्यामुळे कोलमडला, पथ्ये मात्र अद्याप चालू आहेत.

तोंडातील बाधा

अन्नाने प्रत्यक्ष आराम पडतो तो तोंडातील किण्वबाधेत. म्हातारपणी कवळी वापरणारे, दम्यासाठी स्टेरॉइडचा फवारा ओढणारे, कर्करोगावर उपचार घेणारे व एचआयव्हीग्रस्त यांच्या जिभेवर, गालांच्या आत व टाळूवर पांढरे चट्टे येतात. जीभ सोलल्यासारखी होते व घास गिळवत नाही. अशा वेळी तिखट, आंबट व कढत पदार्थ टाळून दहीभात, गार पेज, मऊ खिचडी, मूगडाळीचे वरण, केळे, नाचणीची आंबील, ताक असे अन्न दिल्यास आग कमी होते आणि रोग्याच्या पोटात पुरेसे अन्न जाते. यामुळे चट्टे जात नाहीत, पण शक्ती टिकते, आणि अशक्त रोग्याच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. प्रतिकारशक्ती फारच क्षीण झालेल्या रोग्याला जिवंत जंतूंचे पदार्थ देण्यापूर्वी मात्र वैद्याला विचारावे. रात्री कवळी काढून ठेवणे आणि फवारा घेतल्यावर चूळ भरणे यांनी मोठा प्रतिबंध होतो.

लोह, फोलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व यांच्या कमतरतेमुळेही तोंडातील श्लेष्मल त्वचा पातळ व दुर्बळ होऊन किण्वाला वाट मिळते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. पालेभाज्या, कडधान्ये व त्यांच्यासोबत लिंबू किंवा आवळा, आणि मांसाहारी कुटुंबांत मासे, अंडी, मांस, हा आहार येथे खराच उपयोगी आहे. शुद्ध शाकाहारी व्यक्तीला ब-१२ साठी दुधावर आणि गरज पडल्यास गोळ्यांवर अवलंबून राहावे लागते.

तान्ह्या मुलाच्या जिभेवरील पांढरा थर दुधाचा असेल तर ओल्या फडक्याने सहज पुसला जातो; किण्वाचा थर निघता निघत नाही आणि काढल्यास खाली लाल त्वचा दिसते. काही घरांत तो घालविण्यासाठी मधात कालविलेला टाकणखार चोळतात. ही चाल घातक आहे. टाकणखारातील बोरॉनमुळे अर्भकांना विषबाधा होऊन झटके आल्याची नोंद वैद्यकात आहे, आणि एक वर्षाखालील मुलाला मध देणेही धोक्याचे आहे. वैद्याने दिलेल्या थेंबांनी हा विकार काही दिवसांत बरा होतो. आईच्या स्तनाग्रांनाही बाधा असल्यास दोघांवर एकदमच उपचार करावे लागतात.

खात्रीचे औषध व खात्रीची तपासणी

किण्वावर खात्रीची औषधे विसाव्या शतकाच्या मध्यापासून उपलब्ध आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन संशोधिकांपैकी एक न्यूयॉर्क शहरात व दुसरी ऑल्बनी येथे काम करीत असे. मातीचे व जंतूंचे नमुने त्या बरण्यांत भरून एकमेकींना टपालाने पाठवीत. व्हर्जिनियातील एका शेतातील मातीत सापडलेल्या जंतूपासून त्यांनी निस्टॅटिन मिळविले व १९५० मध्ये त्याची घोषणा केली. औषधाचे नाव राज्याच्या नावावरूनच पडले. पुढे १९६६ च्या महापुरात भिजून बुरसटलेल्या फ्लॉरेन्स येथील चित्रांवरही ते फवारण्यात आले. आपल्या देशात पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी याच मार्गाने मातीतील जंतू तपाशीत होते. त्यांनी शोधलेल्या हॅमायसिन या कवकनाशकाचे वर्णन १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते देणाऱ्या जंतूला पिंपरीचेच नाव मिळाले. त्यानंतर क्लोट्रिमाझोल व फ्लुकोनाझोल ही औषधे आली. साध्या बाधेत या औषधांनी बहुतेक रोगी काही दिवसांत बरे होतात. गर्भवतीने मात्र पोटात घेण्याच्या गोळ्या टाळून वैद्याच्या सल्ल्याने केवळ जागेवर वापरण्याचे औषध घ्यावे.

औषध इतके गुणकारी असताना घोटाळा होतो तो निदानात. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आपल्याला किण्वबाधाच झाली आहे अशा समजुतीने दुकानातून परस्पर औषध आणणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली असता सुमारे ३४ टक्के स्त्रियांतच केवळ किण्वबाधा आढळली. इतरांपैकी काहींना दुसऱ्या जंतूंची बाधा होती, काहींना मिश्र बाधा होती, आणि काहींना कोणतीच बाधा नव्हती. दह्याने गुण आला किंवा आला नाही, असे सांगणाऱ्यांच्या अनुभवाचे मोल ठरविताना ही संख्या ध्यानात ठेवावी लागते.

तपासणी अवघड नाही. स्रावाचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्रव मिसळतात. शरीराच्या पेशी त्यात विरघळतात. किण्वाचे तंतू व कळ्या फुटलेल्या पेशी तशाच राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. त्या न दिसल्यास व लक्षणे कायम असल्यास नमुना वाढीसाठी प्रयोगशाळेत पाठवितात, त्याचा निर्णय हाती येण्यास दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या तपासणीस मात्र काही मिनिटे पुरतात, आणि साधा सूक्ष्मदर्शक असलेल्या कोणत्याही दवाखान्यात ती होऊ शकते.